मोकळ्या मातीचा हिशेब



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा भाग 1950 आणि 1957 च्या हद्दवाढीत बृहन्मुंबईत आला, तेव्हा येथे भातखाचरे होती. डोंगरातून उतरणारे पाणी खाचरांत थबकत असे आणि मग सावकाश नाल्याला लागे. आज ते काम कोण करते, एवढाच माझा प्रश्न आहे.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या. त्यातले निम्मे पाणी जमीन शोषून घेईल, असे त्या आखणीत गृहीत धरले होते. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पावसाचे मान 50 मिलिमीटर धरले आणि जमिनीचा वाटा शून्य. या दुसऱ्या बदलाची चर्चा फारशी होत नाही. आपल्या अंगणांनी पाणी पिणे सोडले, हे अभियंत्यांनी तेव्हाच मान्य केले होते. पाऊस तेवढाच राहिला, तरी केवळ फरसबंदीमुळे नाल्यावरील भार दुप्पट होतो!

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसापुढे कोणतेही अंगण पुरे पडले नसते. प्रश्न आहे तो दरवर्षीच्या सरींचा, ज्यांत अंधेरीचा भुयारी मार्ग बंद करावा लागतो.

2018 साली अमलात आलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत यावर तरतूद आहे. 4,000 चौरस मीटरच्या भूखंडावर 20 टक्के, म्हणजे 800 चौरस मीटर मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. तिचा किमान 60 टक्के भाग जमिनीवर हवा, आणि त्याचा निदान निम्मा उघड्या मातीचा. म्हणजे सक्तीची माती उरते 240 चौरस मीटर, शंभरातले सहा. नियम उदार आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तेवढाही पाळला जातो का, हे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर कोण पाहतो? चिखल नको आणि मोटारीला जागा हवी, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि माती झाकली जाते. ठोकळे बसवण्यास माझा विरोध नाही. त्यांच्या खाली काँक्रीट आणि सांध्यांत सिमेंट भरण्यास आहे. खडी-वाळूच्या थरावर बसवलेल्या ठोकळ्यांतून पाणी मुरते.

तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर या भूखंडावर 2 लाख लिटर पाणी येते. 240 चौरस मीटर मातीवर थेट पडते ते त्यातले 12 हजार लिटर. म्हणून गच्चीचे पाणी रस्त्यावर सोडून चालणार नाही. ते टाकीत साठवावे. मुलुंड-घाटकोपरच्या कातळउतारावर आणि खाडीलगतच्या सखल भागात शोषखड्डा ऐन पावसात लवकर तुडुंब भरतो. तेथे टाकीच उपयोगी.

वसई, कल्याण, पनवेल परिसरातील पंचायत सदस्यांच्या गावी अद्याप खाचरे आहेत. तेथे भूखंडाचा नकाशा समोर येईल, तेव्हा इमारतीच्या आधी पाण्याची वाट आणि मोकळी माती कोठे दाखवली आहे, ते पाहावे.