नोटिफिकेशन कुणाच्या फोनवर?



विषय ऑटोमेशनचा आहे. एआय आपल्या नोकऱ्या खाणार का, हे ऐकायला बरेच जण आलेत. त्यावर शेवटी बोलू. आधी वॉशिंग मशीन.

पहिल्या पगारातून मी अम्मीला मशीन घेऊन दिलं. आता तिला आराम, असं नातेवाइकांत सांगत फिरलो. झालं काय? मागच्या गल्लीतल्या एक खाला धुणं करायला यायच्या, त्यांना आम्ही बंद केलं. पूर्वी महिन्यातून दोनदा धुतल्या जाणाऱ्या चादरी दर आठवड्याला निघू लागल्या. माझा शर्ट एकदा घातला की टोपलीत. मशीन लावणं, वाळत घालणं, घड्या करणं, सगळं अम्मीकडे.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हेच दाखवलं. नव्या चुली आल्या तसं पुरुषांचं लाकूड फोडणं सुटलं, नोकर कमी झाले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. बाईचे तास मात्र फारसे घटले नाहीत. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. तेही जे करतात ते. तीन-चतुर्थांश पुरुष तर त्यात नव्हतेच.

आमच्या कंपनीत रात्री सर्व्हर पडला तर कोण उठणार, याची पाळी ठरलेली असते. त्याला ऑन-कॉल म्हणतात, भत्ताही मिळतो. अम्मी तीस वर्षं ऑन-कॉल आहे. सेहरीला सगळ्यांच्या आधी कोण उठतं? गॅसचा नंबर लावायचा, दादींच्या गोळ्या संपत आल्यात, हे कोण लक्षात ठेवतं? मी इंजिनिअर, मला वाटलं ॲप बनवू. बनवलं. छान चाललं. बी.एड.चा अभ्यास बाजूला ठेवून भाकऱ्या थापणारी माझी बहीण म्हणाली, “भाई, नोटिफिकेशन अम्मीच्या फोनवर का? तुझा नंबर का नाही टाकलास?”

मला खरंच सुचलंच नव्हतं.

आता नंबर माझा आहे. पहिल्या महिन्यात दादींच्या गोळ्या दोनदा चुकल्या आणि त्यांनी सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलं. अम्मीने मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं. ती पडली नाही, फार जड गेलं तिला.

खालांना मात्र परत बोलावता आलं नाही. त्या दुसरीकडे राहायला गेल्यात. मशीनची किंमत ठरवताना त्यांचा पगार मी कधी हिशेबात धरलाच नव्हता.