मल्लखांबाचे सोबती



आजच्या भाषणाचा विषय मल्लखांब हा असला, तरी मी बोलणार आहे ते मुख्यतः खांबावरून खाली उतरल्यानंतर करावयाच्या व्यायामाविषयी. मी व्यायामशास्त्राचा पंडित नव्हे. शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलेला आणि मुलांच्या अंगमेहनतीकडे कौतुकाने पाहणारा एक सामान्य गृहस्थ आहे. आखाड्यांतून एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. दहा-बारा वर्षांचे मूल पहिल्या वर्षी झपाट्याने पुढे जाते. साधी उडी, अढी, दसरंग हां हां म्हणता बसतात आणि घरची मंडळी हरखून जातात. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र गाडी अडते. कोपर दुखू लागते, खांदा भरून येतो. घरून सल्ला मिळतो, ‘आणखी सराव कर.’ सराव वाढतो, तसे दुखणेही वाढते, आणि एके दिवशी आखाडा सुटतो. असा सुटलेला आखाडा पुन्हा सहसा धरला जात नाही. हे नुकसान बव्हंशी टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच हा विषय आज मी निवडला.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मल्लखांब हा मुळात स्वतंत्र खेळ नव्हे. तो मल्लांचा पूरक व्यायाम होय. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या तयारीत स्तंभावरील श्रमाचा उल्लेख आढळतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. कुस्तीत लागणारी पकड, चपळाई आणि अंगाचा लवचिकपणा जोडीदार नसतानाही कमावता यावा, हा त्यातील हेतू. पुढे या पूरक व्यायामानेच स्वतंत्र मान मिळविला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार परदेशीयांस करून दाखविले, आणि २०१९ साली मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. जो इतरांचा सोबती होता, तो असा घरचा धनी झाला. तेव्हा आता त्याचे सोबती कोण, हा प्रश्न ओघानेच येतो.

याचे उत्तर खांब शरीराकडून काय मागतो यावर अवलंबून आहे. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो. अंगाशी जाड, वर निमुळता, मानेशी बारीक आणि माथ्यावर बोंड. त्यास एरंडेल तेल चोळलेले असते. हा खांब मुठीत मावत नाही. तो मांड्यांनी, पोटऱ्यांनी, बगलेने आवळावा लागतो. हल्ली मोठ्या शहरांतील व्यायामगृहांत गुळगुळीत पोलादी खांबावरचा ‘पोल फिटनेस’ आला आहे. तो खांब मुठीत मावतो आणि तेथे उघड्या कातडीची पकड उपयोगी पडते. दोरीच्या मल्लखांबावर तर पायाच्या अंगठ्याची पकड फार महत्त्वाची. साधने निराळी असली, तरी तिन्हींचा धर्म एकच: शरीर आधाराकडे ओढावयाचे आणि आवळून धरावयाचे.

नेमके येथेच अडते. जो अवयव नित्य ओढतो, त्यास ढकलण्याची सवय राहत नाही. बोटे मिटणारे स्नायू बळावतात, बोटे उघडणारे मागे पडतात. छाती व खांद्यांचा पुढचा भाग आखडतो आणि पाठीचा वरचा भाग पोक काढू लागतो. शिवाय बहुतेक मुले तेढी एकाच सोयीच्या बाजूने मारतात, त्यामुळे उजवे अंग आणि डावे अंग यांत अंतर पडत जाते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्नायू लवकर बळावतात, परंतु त्यांस हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश बळावतात. उत्साही मुलाच्या अंगात ताकद येते, पण ती ताकद पेलणारा दोर अजून कच्चा असतो. कोपराचे दुखणे पुष्कळदा येथून सुरू होते.

आता सोबत्यांकडे वळू. पहिला मान जोर-बैठकांचा. जोर म्हणजे ढकलणे. खांबाच्या ओढण्यास हा उत्तम उतारा. त्यात खांदा, छाती आणि पाठीचा कणा एकाच ओघात ताणले व आवळले जातात. बैठकांचा उपयोग उतरतीच्या वेळी कळतो. उंचावरून उडी घेऊन जमिनीवर पाय टेकताना गुडघ्यास व घोट्यास जो धक्का बसतो, तो मांड्यांनी झेलावयाचा असतो. ज्या मुलाच्या मांड्या केवळ आवळण्यात तरबेज आहेत, पण वाकून भार पेलण्यात कच्च्या आहेत, त्याचा गुडघा लवकर कुरकुरतो.

दुसरा सोबती सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा हिरिरीने प्रसार केला, हे आपणांस ठाऊक आहेच. मल्लखांबाच्या दृष्टीने त्याचा गुण असा की कणा एकदा पुढे आणि एकदा मागे, श्वासाच्या तालावर वाकतो. खांबावर जाण्यापूर्वी अंग ऊन करण्यास पाच-सहा नमस्कार पुरेसे होतात. आसनांत बराच वेळ थांबून ताण घेणे मात्र सराव संपल्यानंतर करावे. जोराच्या कामाआधी स्नायू फार वेळ ताणून ठेवला, तर तो काही काळ ढिला पडतो, आणि ढिल्या पकडीने खांबावर चढणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरा सोबती हलका मुद्गल. येथे वजनाची ऐट नको. एका हातास सहज पेलेल असा मुद्गल खांद्याभोवती सावकाश फिरविला की खांद्याचा सांधा मोकळा होतो आणि मनगट कणखर बनते. बोटांसाठी तर याहूनही साधा उपाय आहे. तांदुळाने भरलेल्या डब्यात हात खुपसून बोटे मिटावी व उघडावी. उघडताना तांदूळ विरोध करतो, आणि मागे राहिलेल्या स्नायूंस काम मिळते. यास एक पैशाचाही खर्च नाही.

चौथा सोबती दमाचा. स्पर्धेतील संच मिनिट-दीड मिनिटातच आटोपतो, तेव्हा धावण्याची गरज काय, असे कित्येक विचारतात. परंतु सराव काही दीड मिनिटाचा नसतो. तासाभरात वीस वेळा खांबावर जावयाचे, आणि दर खेपेस श्वास जाग्यावर आल्यावाचून पुढची खेप सुरक्षित होत नाही. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे संथ धावले किंवा पोहले, तर हा श्वास लवकर जाग्यावर येतो. धापा टाकणारे मूल घाईने पकड घेते, आणि घाईची पकड सुटते.

आता कोणी म्हणेल, ‘मास्तर, हे तर एक ना धड भाराभर चिंध्या झाले! शाळा, शिकवणी आणि आखाडा यांतच मुलाचा दिवस संपतो.’ हा आक्षेप मी खोटा ठरवीत नाही. पूरक व्यायामाचा अतिरेक झाला, तर तो पूरक न राहता सवत होऊन बसतो. म्हणून एक कसोटी लक्षात ठेवावी: जो व्यायाम दुसऱ्या दिवशी मुलास खांबावर ताजेतवाने पाठवितो, तो ठेवावा, जो थकलेले पाठवितो, तो कमी करावा. आठवड्यातील तीन दिवस खांबाचे, दोन दिवस सोबत्यांचे, एक दिवस मनसोक्त खेळण्याचा आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा, अशी वाटणी बहुतेक घरांस जमेल. एकाच दिवशी दोन्ही करावयाचे झाल्यास आधी खांब, मग जोर-बैठका. अवघड पकडी ताज्या हातांनीच शिकाव्या. प्रत्येक उडी शिकताना, सोयीच्या बाजूइतकीच गैरसोयीच्या बाजूनेही करावी. आणि सांध्यात दुखत असेल, तर त्या दिवशी खांबाला नमस्कार करून परत यावे. स्नायूंचा शिणवटा आणि सांध्याची कळ यांतील फरक मुलास शिकविणे हे वस्तादाचे काम आहे, तसेच आईबापांचेही आहे. दुखणे दोन-चार दिवसांत हटले नाही, तर वैद्यास दाखविण्यात संकोच करू नये. झोपेविषयी निराळे सांगणे नको. श्रमाने झिजलेले शरीर विश्रांतीतच भरून येते.

मुलींच्या पालकांस दोन शब्द सांगतो. पूर्वी मुलींच्या वाट्यास बहुधा दोरीचाच मल्लखांब येई. आता पुरलेल्या खांबावरही त्या तितक्याच डौलाने चढतात. वर सांगितलेला एकही सोबती मुलींस वर्ज्य नाही. जोर मारल्याने मुलगी आडदांड दिसेल, ही भीती निराधार आहे. उलट, न मारल्यास तिचा खांदा दुबळा राहील, ही भीती खरी आहे.

पदक आणि प्रशस्तिपत्र यांची घाई आपल्या घराघरांत शिरली आहे. तिच्यापायी मुलाचे अंग एकाच कामाला जुंपले, तर पंधराव्या वर्षी ते अंग थकलेले दिसते. उलट सर्वांगाने वाढलेले मूल कदाचित वर्षभर उशिरा पुढे येईल. पण ते मोठेपणीही, स्पर्धा संपल्यावरही, केवळ आनंदासाठी खांबास तेल लावील. व्यायामाची खरी कमाई मला तरी हीच वाटते. आपल्या घरातील मूल उद्या आखाड्यातून परत येईल, तेव्हा ‘आज किती उड्या झाल्या?’ एवढेच न विचारता, ‘जोर किती झाले, आणि खांदा कसा आहे?’ असेही विचारावे, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.