थर चढण्याआधी घरात बोलूया

गुरुपौर्णिमा झाली की गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. आता मुलींचीही पथकं आहेत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. साहस म्हटलं की धोका आलाच. तो दिसत असूनही पोरं वर का चढतात?

“अंगात मस्ती आहे” एवढं म्हणून आपण सोडून देतो. पण थर चढताना शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, बळ आल्यासारखं वाटतं. त्यातली मजा लक्षात राहते आणि पुन्हा चढावंसं वाटतं.

दुसरं कारण सोबतीचं. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला, कधी एकट्याने, कधी दोस्तांसमोर. दोस्त बघत असताना मुलांनी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही घडतच असतो.

म्हणजे घरी “नाही चढणार” म्हणणारा पोरगा खोटं बोलत नसतो. पण ढोल, शिट्ट्या, दोस्तांचा गलका आणि वाढत जाणारं बक्षीस, यांत त्याचं मन वेगळं चालतं. म्हणून ठरवायचं ते आधीच, शांतपणे.

पथकाच्या प्रमुखांना आपण एकत्र जाऊन विचारूया. चौदा वर्षांखालचं कुणी थरात नाही ना? हेल्मेट आहे का? वरच्याला दोर-पट्टा आहे का? खाली गाद्या, पथकाचा विमा? सरावात जेवढे थर लावले, त्याहून एकही जास्त नको, बक्षीस कितीही वाढो. आणि “उतरा” कोण म्हणणार, तेही आधी ठरू दे. थर कोसळला तर खालच्यांनाही लागतं.

कुणी पडलंच, तर हातपाय धरून उचलू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका. १०८ ला फोन करा.

मुलांना एवढं मात्र नक्की सांगूया: भीती वाटली तर खाली ये. त्यात कसली आलीय लाज? सण पुढच्या वर्षीही येणार आहे.