अख्ख्या घराचं घोंगडं


हसनाबाद आणि भोकरदन परिसरातल्या मंडळींनो,
आज ऐकू या घोंगड्याविषयी.

घोंगडं एकट्याचं काम नाही.
त्यात अख्खं घर राबतं.

धनगर दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरतात.
लोकर पिंजली जाते.
बाया चरख्यावर सूत काततात.
सनगर समाजातले विणकर ते सूत खड्डामागावर विणतात.

आता नीट ऐका.
विणण्याआधी चिंचोक्यांची खळ शिजवायची.
ती कुंच्यानं ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर फिरवायची.
लोकरीचे उभे राहिलेले तंतू बसतात.
सूत सहसा तुटत नाही.

रंग बहुधा मेंढीचाच. काळाभोर!
थंडीत पांघरूण,
पावसात डोक्यावर खोळ,
एरवी गड्याच्या खांद्यावर.

म्हणून पुन्हा सांगते,
घोंगड्यात अख्खं घर राबतं.
घ्यायचं झालं, तर विणणाऱ्याच्या दारातूनच घ्या.