गोठ्यातील चाचणी आणि शिक्षित हात



शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले. प्रयोगशाळा जवळ असली, तरी रोगाची पहिली चाहूल गोठ्यातच लागावयास हवी.

‘दगडी’ म्हणून ओळखला जाणारा कासदाह पुष्कळदा सुप्त असतो. कास सुजत नाही, दूधही नेहमीसारखे दिसते. उत्पादन मात्र घटत जाते. अशा वेळी १९५७ साली प्रसिद्ध झालेली कॅलिफोर्निया कासदाह चाचणी उपयोगी पडते. चार सडांचे दूध चार वाट्यांत घेऊन तितकेच द्रावण मिसळावे व तबक गोलाकार फिरवावे. दाहामुळे दुधातील पेशी वाढल्या असल्यास मिश्रण घट्ट व बुळबुळीत होते.

चाचणी सोपी असली, तरी शिक्षणावाचून ती फसवी ठरते. पहिल्या धारा टाकून द्याव्यात, निष्कर्ष काही सेकंदांतच पाहावा आणि सडवार नोंद ठेवावी. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या निरोगी गाईचे दूधही घट्ट होऊ शकते. हे ठाऊक नसल्यास नाहक औषधोपचार होतो. रोगजंतू कोणता, हे या चाचणीने कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने दिल्यास पैसा वाया जातो आणि औषधाचा अंश दुधात उतरतो.

यास्तव एका दिवसाचे शिबिर पुरेसे नाही. चाचणी करणाऱ्यास वेळोवेळी उजळणी, चांगल्या स्थितीतील द्रावण आणि शंका विचारण्यास पशुवैद्यक लाभला पाहिजे. दूध संस्थांनी ही व्यवस्था आपल्या नित्य कामकाजात सामावून घ्यावी. सभासदांच्या गोठ्यांचे हित त्यातच आहे.