अजून किती राहिलं?

दूरचा प्रवास म्हटला, की आधी कंटाळाच आठवतो. बसून बसून पाठ दुखते. वेळ जाता जात नाही. मोबाईल असतो, पण त्याची बॅटरी संपते, घाटात रेंज जाते. मग दर घटकेला आपण शेजाऱ्याला विचारतो, "अजून किती राहिलं हो?"

आम्ही साक्षरतेच्या कामासाठी पुष्कळ फिरतो. एकदा जळगावहून आगगाडीने मुंबईला निघालो होतो. समोरच्या बाकावर एक शेतकरी आणि त्यांची बायको बसली होती. बाईंचे मुंबईला ऑपरेशन व्हायचे होते. मुंबई त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या सारख्या विचारीत, "अहो, अजून किती राहिलं?" नवरा म्हणे, "आलंच आता." बाईंना ते पटत नसे. त्या पुन्हा खिडकीकडे तोंड करून गप्प बसत.

आम्ही विचारले, "दादा, वाचता येतं का?"

ते जरा लाजले. म्हणाले, "यंदाच शिकलो. जोडून जोडून वाचतो. आकडे मात्र येतात. मोबाईलवरचे इंग्रजी आकडेही येतात."

"मग तुम्हीच सांगा की, मुंबई किती लांब आहे ते!"

रुळाच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात. त्यांवर एकाखाली एक दोन आकडे लिहिलेले असतात. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा खांबाचा. या मार्गावर किलोमीटर मुंबईपासून मोजलेले आहेत. म्हणजे वरचा आकडा वाचला, की मुंबई किती राहिली ते कळते.

चाळीसगावच्या पुढे गाडी हळू झाली. दादांनी डोळे बारीक करून वाचले, "तीनशे वीस!" आणि बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, तीनशे वीस किलोमीटर राहिलं." या वेळी बाईंना उत्तर पटले.

मग खेळच सुरू झाला. पुढच्या स्टेशनावर कोणता आकडा येईल, ते सगळ्यांनी ओळखायचे. मनमाडला आकडा २६० च्या आसपास आला, नाशिक रोडला १९० च्या आत. आम्ही दादांना घड्याळ लावून गाडीचा वेग काढायला शिकवले. एक किलोमीटर जायला ६० सेकंद लागले, तर गाडी तासाला ६० किलोमीटर धावते. ४० सेकंद लागले, तर ९०.

स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर गावाचे नाव असते. त्याखाली ते गाव समुद्रापासून किती उंच आहे, हेही लिहिलेले असते. इगतपुरीची उंची ६०० मीटरच्या जवळपास आहे. तिथून गाडी थळ घाट उतरते. घाटात आम्ही बोगदे मोजले. कोणाचे किती झाले, यावरून हसूही झाले.

अंधार पडल्यावर बाईंनी आम्हाला कोडे घातले, "अंगण नाही, ओसरी नाही, तरी हजार माणसांचं घर. रात्रभर चालतं, पण पायाला चिखल लागत नाही. सांगा काय?" सांगा बरे, मंडळी! आम्ही त्यातच बसलो होतो.

कल्याण आले. बाई आपणहून म्हणाल्या, "आता पन्नासच्या जरा वर राहिलं असेल, नाही का?" दादांनी खांब पाहिला. ५३! ऑपरेशनची भीती गेली, असे आम्ही म्हणत नाही. पण वाटेची भीती गेली.

एसटीने जाल, तर रस्त्याच्या कडेचे दगड वाचा. दगडाचा माथा पिवळा असेल, तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल, तर राज्य महामार्ग. पोरे बरोबर असतील, तर गाण्याच्या भेंड्या लावा. मात्र रात्री लोक झोपले, की आवाज बंद करा. पैसे लावून पत्ते खेळू नका. अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नका. आकडे खिडकीतून वाचा. त्यासाठी दारात लटकू नका, डोके बाहेर काढू नका.

मंडळी, आपण अक्षरे शिकलो ती काही पुस्तकापुरती नाहीत. वाटेवर जागोजाग लिहिलेले असते. पुढच्या प्रवासात ते वाचा. आणि शेजारचे कोणी विचारील, "अजून किती राहिलं?" तर "आलंच आता" म्हणू नका. नीट वाचून आकडा सांगा.