घरी केलेली सुरी



शाळामास्तराने सुरी करावी हे ऐकून आपणांपैकी पुष्कळांना हसू येईल. आमच्या हातात खडू शोभतो. फार तर छडी, आणि तीही आता कायद्याने गेली. परंतु गेल्या वर्षभरात भोपाळच्या आनंद नगरातील माझ्या घरामागच्या अंगणात मी चार सुऱ्या केल्या. त्यांपैकी तीन वाया गेल्या. चौथी आमच्या स्वयंपाकघरात आहे. आज मी मुख्यत्वे त्या वाया गेलेल्या तिघींविषयीच बोलणार आहे.

निमित्त माझ्या आईचे. आम्ही मूळचे वसईकडचे. केळी, पानवेली आणि फुले यांच्या वाडीत आईचे आयुष्य गेले, आणि त्यातला बराच काळ विळीवर गेला. वडिलांच्या मागे ती माझ्याकडे भोपाळला आली, तेव्हा कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी ती विळी होतीच. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी जमिनीवर बसणे नाकारले. खुर्चीवर बसून सुरीने चिरावे, तर संधिवाताने वाकलेली बोटे बाजारच्या सुरीच्या बारीक मुठीभोवती मिटत नाहीत. सुरी हातात फिरते. एकदा तळव्याला चांगलेच कापले. तेव्हा माझ्या पत्नीने तिच्या हातातून सुरी काढून घेतली, प्रेमानेच घेतली. पण त्या दिवसापासून आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून नुसती पाहत बसू लागली. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांना हे बसणे ठाऊक असेल.

जाड मुठीची सुरी मी बाजारात शोधली. ज्या मिळाल्या त्यांची मूठ जाड होती, पण गुळगुळीत. ओल्या हातातून निसटणारी. मग मनात आले, आपण मुलांना विज्ञान शिकवितो, तर एक सुरी आपल्याला करता येऊ नये? लोखंड तापवायचे, ठोकायचे, कानशीने घासायचे आणि धार लावायची. त्यात एवढे आहे काय?

साधने जमविली ती अगदी साधी. एका जुन्या घमेल्याला आतून माती आणि राख यांचा जाड लेप दिला, बाजूने लोखंडी नळी बसविली, आणि शेगडीला वारा घालण्याचा, हाताने फिरवावयाचा पंखा तिला जोडला. घमेल्यावर किंवा नळीवर जस्ताचा मुलामा नाही ना, हे आधी पाहावे. जस्त तापले म्हणजे त्याचा धूर फार बाधतो. कोळसा लाकडी घेतला. भंगाराच्या दुकानातून एक जाड पोलादी ठोकळा आणून कडुलिंबाच्या ओंडक्यावर बसविला, तीच ऐरण. सांडशी मात्र लोहाराकडूनच घ्यावी. स्वयंपाकघरातला चिमटा नेला असता काय काय ऐकावे लागते, ते मी अनुभवले आहे. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे, पायांत बूट आणि जवळ वाळूची बादली, एवढे नसेल तर भट्टी पेटवूच नये.

एक शंका मनात होती, तीही सांगून टाकतो. घरी पाते घडविणे कायद्यात बसते की नाही? १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले, त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख होता, आणि तेथेही घरकामाची व शेतीची अवजारे वगळलेली होती. माझी सुरी पाच इंचांची. तेव्हा शाळेत तोंड दाखवायला हरकत नव्हती.

पहिली सुरी दुकानातून आणलेल्या साध्या लोखंडी पट्टीची. मे महिन्याच्या सुट्टीतील चार संध्याकाळी मी ती ठोकली. लोखंड लाल असेतोवर मऊ असते आणि आपल्याला वाटते त्याच्या निम्म्या वेळात काळे पडते. घाव दोन बोटे बाजूला पडतो, पाते केळ्यासारखे वाकते, ते उलटून पुन्हा सरळ करावे लागते. अखेर आकार आला. लाल करून पाण्यात बुडविली, चर्र आवाज झाला, मला धन्य वाटले. दगडावर धार लावली. दोन टोमॅटो सुरेख चिरले गेले. तिसऱ्याला सुरी सालीवरूनच घसरू लागली. आई म्हणाली, “दिसायला छान झालीय रे. भिंतीवर लाव.”

आमच्या भागात रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांची काही कुटुंबे बसतात. एका कुटुंबातील बाई घण चालवीत होती. नवरा सांडशीने कुऱ्हाड धरून होता. या लोकांची परंपरा अशी सांगते की, १५६८ साली चितोडगड पडला तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी घर न बांधण्याची शपथ घेतली आणि बैलगाडी हेच घर मानले. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. तरी अनेकांचा संसार आजही रस्त्याकाठीच आहे. त्या बाईंनी माझी सुरी हातात घेतली, ऐरणीवर एकदा हलकेच वाजविली, आवाज ऐकला आणि परत दिली. म्हणाल्या, “मास्साब, इसमें जान नहीं है.”

ही ‘जान’ म्हणजे कर्ब, म्हणजेच कार्बन. साध्या पट्टीत तो शेकडा पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो; अशा लोखंडाला कितीही पाणी द्या, ते म्हणावे तसे कठीण होत नाही. सुरीच्या पोलादात तो शेकडा सहा दशांश ते एक भागापर्यंत हवा. वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि स्वतः पट्टी विकत घेताना ते मला आठवले नाहीत! मात्र माझ्या समाधानासाठी एक मोठे नाव आहे. दक्षिण भारतात मुशीत होणारे, युरोपात ‘वूट्झ’ म्हणून ओळखले गेलेले पोलाद एवढे उत्तम का, याचा शोध मायकेल फॅरेडे यांनी १८१९ साली घेतला. फॅरेडे हे लोहाराचेच चिरंजीव. त्यांनी पृथक्करण केले आणि त्या पोलादाच्या गुणाचे श्रेय त्यातील अॅल्युमिनियम व सिलिका यांच्या अल्प अंशांकडे गेले. खरे कारण त्यातील भरपूर कर्ब आणि त्याची मांडणी हे होते. फॅरेडे चुकतात, तेथे आमची काय कथा.

दुसरी सुरी मी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याची केली. हे पोलाद हातोड्याला सहज वश होत नाही. सहा संध्याकाळी गेल्या, उजवा खांदा आठवडाभर फळ्यापर्यंत उचलेना. पण घडण मात्र पहिलीहून सरस झाली. पुन्हा लाल करून पाण्यात घातली. या वेळी चर्र आवाजामागून एक बारीक ‘टिंग’ ऐकू आला. पाते बाहेर काढले तर धारेपासून मध्यापर्यंत केसासारखी चीर. सहा दिवसांचे काम एका क्षणात गेले.

शेजारी एक गृहस्थ राहतात. १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ या नावाने भोपाळात जो कारखाना निघाला, आणि ज्याला सारे गाव आता भेल म्हणते, तेथे धातू तापविण्याच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. कुंपणावरून ते माझे उद्योग पाहत असत; पण न विचारता शिकवू नये हा त्यांचा बाणा. मी चीर दाखविली तेव्हा म्हणाले, “गुरुजी, हे पोलाद तेलाचं आहे. पाण्याचा झटका त्याला सोसत नाही.” पाणी फार वेगाने उष्णता ओढून घेते, पातळ धार आधी आवळते, जाड पाठ मागून, आणि त्या ओढाताणीत पाते फाटते. तेल सावकाश निववते. पाते किती तापले हे पाहण्यासाठी त्यांनी मला लोहचुंबक वापरायला सांगितले. सुमारे ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर थोडे आणखी तापू द्यायचे आणि तेलात घालायचे. हे काम तिन्हीसांजेला करावे. भर उन्हात लोखंडाचा रंग डोळ्यांना फसवतो. तेल धातूच्या खोल डब्यात असावे आणि डब्याचे झाकण हाताशी असावे, कारण वर ज्वाळा उठतेच.

आपल्या भाषेत पाणीदार तलवार म्हणतात आणि पाणीदार माणूसही म्हणतात. तिसऱ्या सुरीला तेल दिले, तरी मी तिला पाणीदारच म्हणालो. कानस तिच्यावरून काचेवरून जावी तशी घसरली. त्याच रात्री तात्पुरती मूठ बांधून, धार लावून मी ती आईला नेऊन दिली. शेजारी त्या दिवशी गावाला गेले होते. ते परत येईपर्यंत थांबायला हवे होते, पण उत्साह थांबू देत नाही.

आईने कांदा चिरला, काकडी चिरली. ती हसली. मग दुधी घेतला. सुरी आत रुतली. तिने सवयीप्रमाणे मनगट जरा तिरके केले. काच तडकावी तसा आवाज झाला. टोकाचा दीड इंचाचा तुकडा उडून तिच्या कानशिलाजवळून मागच्या भिंतीवर आपटला. चष्म्याच्या काडीवर त्याचा ओरखडा अजून आहे. दोन बोटे अलीकडे आला असता तर, हा विचार मी आजही पुरता करीत नाही.

आई काही बोलली नाही. पत्नीही बोलली नाही, हे अधिक वाईट. मी भट्टीवर घमेले पालथे घातले आणि दोन महिने त्या बाजूला फिरकलो नाही.

शेजारी परत आल्यावर त्यांनी तुटलेला काठ पाहिला. आतला भाग करडा, बारीक दाण्याचा होता. “कठीण करून तुम्ही थांबलात,” ते म्हणाले. “हे अर्धंच काम झालं.” तेलातून निघालेले पाते अत्यंत कठीण असते, पण आतून ताणलेले असते, जरा तिरका भार आला की तुटते. त्याला लगेच पुन्हा मंद आच द्यावी लागते. २०० अंशांच्या आसपास तास-दीड तास, मग निववून पुन्हा एकदा तेवढेच. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा फिकट गवती रंग चढतो. काठिण्य थोडे उतरते, चिवटपणा येतो. पुस्तकात हा भाग दोन ओळींचा असतो, म्हणून मी तो गाळला होता.

भट्टीवरचे घमेले उचलायला मला आईनेच सांगितले. नोव्हेंबरात एके दिवशी दाराशी बसूनच तिने विचारले, “ती सुरी पुरी करणार आहेस की नाही?”

चौथ्या सुरीची घडण सांगण्यासारखी नाही. हात आता थोडा बसला होता. तेल दिले आणि घरातील नाताळचा केक भाजण्याच्या ओव्हनमध्ये दोनदा मंद आच दिली. गवती रंग आला. मग मी ती आईला दिली नाही. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर जाड फडके बांधून, पाते चिमट्यात धरून मी ते वाकविले, लाकडावर आपटले, सुक्या बांबूवर घाव घातले. महिनाभर स्वतः भाजी चिरली. नाही तुटले.

मूठ उरली होती, आणि खरे पाहता सारा प्रपंच मुठीसाठीच होता. पत्नीने युक्ती काढली. तिने घट्ट कणकेचा गोळा भिजवून आईच्या हातात दिला आणि सुरी धरावी तसा दाबायला सांगितले. तिची तीन बोटे रुतली, चौथे वाकडे उमटले, अंगठा आडवा. तो गोळा समोर ठेवून मी सागाचा तुकडा कानशीने तसाच कोरला. दिसायला ती मूठ ओबडधोबड आहे. माझ्या हातात ती बसतच नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी आईने खुर्ची दारातून उचलून ओट्याशी आणविली आणि दोन किलो कांदे चिरले. मी जवळ उभा होतो, तर मला बाहेर घालविले. संध्याकाळी म्हणाली, “मूठ मागून पाव इंच लांब आहे, तळव्याला टोचते.” ते पाव इंच मी दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपून आल्यावर काढले. मग तिने ट्रंकेतून विळी काढायला लावली आणि म्हणाली, “हिलाही जरा धार लावून ठेव, गंजत चाललीय.”